मेणाच्या जोरावर उघडणारी झडप

अकोला-वाशीम रस्त्यावरच्या मेडशीसारख्या गावी पाण्याने थंड होणारी एखादी जुनी मोटारसायकल तापू लागली आणि तिचा थर्मोस्टॅट मिळेना, की एक सल्ला हमखास मिळतो : ‘आपल्याकडे एवढे ऊन! काढूनच टाका तो.’ हा सल्ला कितपत बरोबर आहे, ते थर्मोस्टॅटच्या इतिहासातून पाहू.

तापमान आपोआप राखण्याची युक्ती जुनी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबवण्याच्या भट्टीला अशी सोय केली होती. भट्टी फार तापली, की बंदिस्त अल्कोहोल प्रसरण पावून पारा ढकलीत असे आणि हवेची वाट अरुंद होत असे. पुढे १८३० मध्ये अँड्र्यू यूर याने दोन धातूंच्या पट्टीवर चालणारे साधन केले व त्याला ‘थर्मोस्टॅट’ हे नाव दिले.

मोटारींत प्रथम भात्यासारखी धातूची डबी वापरीत. आतल्या द्रवाची वाफ झाली, की ती फुगून झडप उघडे. पण पाणी दाबाखाली ठेवू लागल्यावर हा भाता दबू लागला. १९३० च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट याने मेण वापरले. मेण वितळताना चांगलेच फुगते आणि मोठ्या जोराने दांडा ढकलते.

आपल्याकडच्या बुलेट, राजदूत, येझदी या गाड्या हवेने थंड होत; त्यांना हा भाग नव्हताच. २००८ ची यामाहा आर-१५, २०१२ ची चाकणला बनलेली पल्सर २०० एनएस अशा गाड्यांबरोबर तो खेड्यापाड्यांत आला. आता या गाड्या जुन्या झाल्या आहेत.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो; इंजिनातील पाणी मात्र ८० अंशांच्या आसपास असावे लागते. म्हणजे भर उन्हातही सुरू होताना इंजिन ‘थंड’च असते. थर्मोस्टॅट काढला, तर पाणी पहिल्यापासून रेडिएटरमधून फिरते आणि इंजिन तापायला वेळ लागतो. तोवर पेट्रोलची पूर्ण वाफ होत नाही, ते जास्त लागते आणि सिलिंडरची झीज वाढते.

म्हणून पर्याय शोधताना नुसत्या नावापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात : झडप उघडण्याचे तापमान (बहुधा त्यावरच कोरलेले असते), बैठकीचा व्यास आणि उंची.

जुना थर्मोस्टॅट बिघडला आहे का, हे वर्गातही तपासता येते. तो दोऱ्याने पाण्याच्या पातेल्यात तळाला न टेकता लोंबकळवा, शेजारी तापमापी धरा आणि पाणी सावकाश तापवा. झडप कोणत्या अंशाला हलू लागते आणि निवताना कोणत्या अंशाला मिटते, ते विद्यार्थ्यांना टिपू द्या. दोन्ही आकडे सारखे येत नाहीत. कारण त्यांनाच शोधू द्यावे, असे आम्ही सुचवतो.