बांध आणि रेषा

वडूजच्या आसपास, येरळेच्या खोऱ्यांत, शेताचा बांध क्वचितच सरळ असतो. ओघळ, बोराटीचें झुडूप, शेजाऱ्याचा नांगर, प्रत्येकानें त्याला कोठेंतरी वांकविलेलें असतें. मोजणीच्या नकाशांत मात्र तोच बांध सरळ रेषांचे चार-दोन तुकडे होऊन बसतो. ही सरळता आली कोठून?

प्रिंगलच्या मोजणीचा विचका झाल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५ सालीं इंदापुरापासून नवी पद्धत घातली. १८४८ सालीं सातारचें राज्य खालसा झाल्यावर ती आमच्याकडेही आली. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. ३३ फूट लांब व तितकीच रुंद जमीन म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. निशाणें रोवावयाचीं, पहिल्यामागें डोळा लावून पुढचीं सारीं त्याआड लपतात कीं नाहीं हें पहावयाचें, आणि त्या ओळींत साखळी ताणावयाची. बांधाच्या प्रत्येक वांकणाशीं शंकूनें काटकोन साधून लंब मोजावयाचा. हें सारें टिपणांत उतरे. टिपणांतील आकृति ओबडधोबड हातची; प्रमाण तिच्या ठायीं शोधूं नये. तिचें प्रामाण्य शेजारीं मांडलेल्या आंकड्यांत होतें.

या आंकड्यांच्या रेषेचें भावंड पुढें दूरदेशीं जन्मलें. १९६३ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठांत आयव्हन सदरलंड यांनीं ‘स्केचपॅड’ ही संगणकाची आज्ञावली सिद्ध केली. प्रकाशलेखणीनें एक टोक दाखवावें, मग दुसरें. मधली रेषा यंत्रच ओढी. पट्टी नको, हात कांपण्याचें भय नको. १९८२ सालीं ‘ऑटोकॅड’ आलें आणि ही सोय साध्या कचेऱ्यांतही पोंचली. यंत्राच्या स्मरणांत वस्तुतः रेषा नसतेच, दोन टोकांचीं स्थानें असतात. पडद्यावर तर तिरपी रेषा ही ठिपक्यांची पायरी. कोणता ठिपका उजळावा हें नुसत्या बेरीज-वजाबाकीनें ठरविण्याची युक्ति ब्रेसेनहॅम यांनीं १९६२ सालींच काढली होती. टिपण लिहिणाऱ्या आमच्या मोजणीदारास यांतलें तत्त्व परकें वाटलें नसतें.

अलीकडे महाराष्ट्रांतील जुने नकाशे संगणकांत उतरविले जात आहेत. येथें एक धोका संभवतो. आठ इंचांस मैल या प्रमाणाच्या गांवनकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची शाईची रेघ शेतांत सुमारें चार मीटर रुंद होते. शंभर मीटरांच्या बांधास तेवढें अंतर धरल्यास जवळजवळ चार गुंठे जमीन त्या रेघेखालीं झांकते, आणि आमच्याकडे भावाभावांत दावे लागतात ते याहून कमी जमिनीसाठीं! कागद आकसलेला असला तर चूक आणखी वाढते. अशा रेघेवर अंदाजानें दोन बिंदू टेकविले कीं पडद्यावर केसाहून बारीक रेषा उमटते. कितीही मोठी करून पाहा, ती जाड होत नाहीं. आणि पाहणारा तिला निकाल समजतो. म्हणून नकाशा गिरविण्यापेक्षां टिपणांतील साखळ्या आणि आणे यंत्रास सांगावे, हें आम्हांस अधिक न्याय्य वाटतें. त्याला वेळ फार लागतो, हें खरें.