आरोग्यतपासणी, बौद्धिक दिव्यांगांची

ज्या इसमास आपले दुखणे शब्दांत मांडता येत नाही, त्याच्या तक्रारीची वाट न पाहता प्राथमिक आरोग्यसेवेतील वैद्याने ठराविक मुदतीने आपण होऊन त्याचे सर्वांग तपासावे, या व्यवस्थेस ही संज्ञा लावतात. जुन्या दप्तरांत अशांना ‘मतिमंद’ म्हणत. बद्धकोष्ठ, किडलेली दाढ, कानात साचलेला मळ किंवा मंदावलेली अवटुग्रंथी, यांपैकी कशानेही चिडचिड उद्भवली तरी ती ‘याचा स्वभावच असा’ म्हणून मंदत्वाच्या खाती मांडली जाते, आणि व्याधी मागे तशीच राहते. डाउन लक्षणसमूहात तर जवळजवळ निम्म्या मुलांस जन्मजात हृदयदोष असतो, अवटूचा विकार वयाबरोबर बळावतो व श्रवण मंदावते. म्हणून तेथे एका तपासणीने भागत नाही, ती दरसाल व्हावी लागते. इंग्लंडात १४ वर्षांवरील अशा व्यक्तींस वार्षिक तपासणी देण्याची तरतूद आहे. तेथील नैर्ऋत्य भागातील मृत्यूंची जी चौकशी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात या पुरुषांचे मृत्यूचे मध्यक वय सर्वसाधारण पुरुषांहून १३ वर्षांनी व स्त्रियांचे २० वर्षांनी कमी आढळले.

आपल्याकडील एका गावाचे उदाहरण घ्यावे : सिलतरा (जि. रायपूर, छत्तीसगढ) हे धरसीवा विकासखंडातील, बिलासपूर रस्त्यावरचे, स्पंज आयर्नच्या भट्ट्यांनी वेढलेले गाव. धुळीची तक्रार जेथे घरोघरची, तेथे न बोलणाऱ्याचा खोकला निराळा ओळखू येणे कठीणच. बालकांपुरती तजवीज मात्र आहे : २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी शाळेत एकदा तपासणी ठरलेली असून तीत विकासातील विलंबही पाहिला जातो. तो अंमल १८ व्या वर्षी संपतो. रक्तदाब, मधुमेह व कर्करोग यांची सरसकट चाचणी ३० व्या वर्षी सुरू होते. मधल्या बारा वर्षांत घरच्यांच्या हाती राहतो तो दिव्यांगतेचा दाखला, आणि दाखला टक्के सांगतो, अवटू तपासत नाही.

१९ एप्रिल २०१७ पासून लागू असलेल्या दिव्यांगजन अधिकार कायद्याच्या २५ व्या कलमात घराजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, उत्पन्नाच्या मर्यादेस अधीन राहून मोफत उपचार, तसेच दवाखान्यात अग्रक्रम सांगितला आहे. पण रांगेत अग्रक्रम मिळण्यासाठी रांगेपर्यंत कोणी आणावे लागते. छत्तीसगढात ते काम मितानिनीचे. २००२ मध्ये सुरू झालेल्या योजनेतील या आरोग्यसेविकेस, विधिपूर्वक जोडलेल्या मैत्रिणीचे हे नाव लाभले आहे. तिच्या नोंदवहीत वस्तीतील प्रौढ बौद्धिक दिव्यांगांसाठी एक स्वतंत्र रकाना असावा, आणि त्यात मागील तपासणीची तारीख लिहिलेली असावी.