क्षयरोग : रक्तातील पेशी आणि फुप्फुसातील पेशी

क्षयरोगाचे निदान केवळ रक्त तपासून व्हावे, अशी अनेक रुग्णांची अपेक्षा असते. परंतु हा आजार प्रामुख्याने फुप्फुसात घडतो आणि तेथील प्रतिकारपेशींचे चित्र रक्तातील चित्राहून बरेच वेगळे असते.

निरोगी प्रौढाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल साधारणतः ५० ते ७० टक्के, तर लिम्फोसाइट २० ते ४० टक्के असतात. फुप्फुसातील वायुकोशांत मात्र महाभक्षक पेशींचे प्राबल्य असते. तेथे त्यांचे प्रमाण बहुधा ८० टक्क्यांहून अधिक आढळते. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये जगासमोर आणलेला क्षयजंतू श्वासावाटे आत शिरला, की प्रथम याच पेशी त्याला गिळतात. तो मात्र त्यांच्या पोटातच तग धरून वाढू लागतो. मग टी लिम्फोसाइट तेथे पोहोचतात आणि इंटरफेरॉन-गॅमा हे द्रव्य स्रवून महाभक्षकांचे बळ वाढवतात. जंतूंभोवती पेशींचे कडे तयार होते. या गाठीस ग्रॅन्युलोमा म्हणतात.

परिणामी, क्षयजंतूला ओळखणाऱ्या टी पेशी रोगस्थानी एकवटतात. ब्रॉन्कोस्कोपीद्वारे फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवात, तसेच फुप्फुसावरणात साठलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी अधिक असते. काही टी पेशी तर फुप्फुसातच मुक्काम करतात. त्या रक्तात सहसा परतत नाहीत.

हा फरक लसीच्या संशोधनातही महत्त्वाचा ठरला आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बीसीजी लस त्वचेऐवजी शिरेतून दिल्यावर माकडांच्या फुप्फुसातील टी पेशी लक्षणीय वाढल्या आणि १० पैकी ९ माकडांना भक्कम संरक्षण मिळाले.

निदानाच्या बाबतीत रक्ताची मर्यादा ओळखणे आवश्यक आहे. इंटरफेरॉन-गॅमावर आधारित रक्तचाचणी जंतूचा संसर्ग झाल्याचे सुचवते; तो सुप्त आहे की प्रत्यक्ष आजार जडला आहे, हे ती सांगू शकत नाही. प्रतिपिंड शोधणाऱ्या रक्तचाचण्या तर इतक्या बेभरवशाच्या ठरल्या, की जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या न वापरण्याची शिफारस केली आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. म्हणूनच दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास, रक्ताचा अहवाल काहीही असो, थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे टाळू नये.