पांडवलेण्यातले भीम आणि अर्जुन

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांवर सहल गेली की एखादा मुलगा हमखास विचारतो, "गुरुजी, पांडव इथं राहायचे का?" आपण "छे, ती दंतकथा" म्हणतो आणि पुढे निघतो. पण तिथेच थोडे थांबावे.

ही लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी खोदली गेली. पुढे भिक्षू राहिले नाहीत आणि भिंतीवरची ब्राह्मी लिपीही लोक विसरले. मग एवढा डोंगर कोरला कोणी? कथा-कीर्तनांतून ओळखीचे झालेले, वनवासात हिंडलेले बलदंड पांडवच डोळ्यांपुढे येणार! वेरूळचे दहावे लेणेही असेच 'सुताराची झोपडी' झाले. अशा नावांवरून नाव ठेवणाऱ्यांचे जग कळते.

जेम्स प्रिन्सेपने १८३७च्या सुमारास ब्राह्मीचा उलगडा केला आणि पुढे इथले लेखही वाचता आले. पण कोरलेला लेख म्हणजे निखळ सत्य, असेही नाही. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी गायली आहे. लेख मात्र नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातला. मुलाने क्षहरात वंश निःशेष केला, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, तो पराक्रमात भीमसेन-अर्जुनांच्या तोडीचा होता, असे ती सांगते. (म्हणजे पांडव लेण्यात आहेत, पण उपमेपुरते!) आणि हे सारे बौद्ध भिक्षूंना लेणे दान देताना. वडिलांचे राज्य चालवणाऱ्या नातवाला आदर्श राजा कसा दिसायला हवा होता, ते इथे वाचायला मिळते.

विजय खोटा नव्हता. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे क्षहरात राजा नहपानाची सुमारे १३ हजार चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. पण इ. स. १५०च्या जुनागढच्या लेखात दुसऱ्या घराण्यातला शक राजा रुद्रदामन सांगतो, की दक्षिणापथाच्या सातकर्णीला आपण दोनदा हरवले आणि जवळचे नाते म्हणून सोडून दिले!

मुलांना मग दहाव्या लेण्यात न्यावे. नहपानाचा जावई उषवदात तिथे आपली दाने सांगतो: ब्राह्मणांना गाई, भिक्षूंसाठी गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ३,००० कार्षापणांची ठेव, पैकी २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, उरलेले पाऊण टक्क्याने. निःशेष झालेल्या घराण्याचा हा लेख. नाण्यांवर नवा छाप बसला, पण ही भिंत कोणी तासली नाही.