स्पॅनियलची कुळकथा

इंग्लंडचा दुसरा चार्ल्स राजा आपल्या शाळकरी मुलांना ठाऊक असतो तो मुंबईमुळे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्याशी त्याचा विवाह ठरला, तेव्हा १६६१ च्या तहाने मुंबई बेट त्याला हुंड्यात मिळाले. आणि १६६८ साली वर्षाला अवघ्या दहा पौंडांच्या खंडावर त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. या राजाचे मन राज्यकारभारात फारसे नव्हते, अशी साक्ष त्याच्याच काळच्या लोकांनी देऊन ठेवली आहे. सॅम्युअल पीप्स हा आरमार खात्यातला अधिकारी मोठा चौकस रोजनिशीकार. सप्टेंबर १६६७ मध्ये राजसभेच्या बैठकीत महत्त्वाचे काम चालू असताना राजा आपल्या कुत्र्याशी खेळत बसला होता, असे त्याने वैतागून लिहून ठेवले आहे. जॉन ईव्हलिन या दुसऱ्या रोजनिशीकाराची तक्रार याहून जहाल. राजाच्या शयनगृहात कुत्र्या वीत, पिल्ले तिथेच वाढत आणि त्यामुळे सारा दरबार घाणीने भरून जाई, असे तो म्हणतो. हे कुत्रे म्हणजे लांब कानांचे, रेशमी केसांचे, लहान चणीचे स्पॅनियल. राजाचे नाव पुढे त्या जातीला कायमचे चिकटले.

मुंबई-पुण्याकडच्या घरांतून आज स्पॅनियल पुष्कळ दिसतात. माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी विचारीत होता, “सर, आयुष्यात पहिल्यांदाच कुत्रा पाळायचा आहे. स्पॅनियल घ्यायचा हे नक्की. पण त्यातला कोणता?” त्याने चार चित्रे पाहून ठेवली होती आणि त्यांतले सर्वांत गोड डोळ्यांचे चित्र त्याच्या मुलीने पसंत केले होते. प्रश्न तसा पशुवैद्याचा. पण मला वाटते, त्याचे निम्मे उत्तर इतिहासात आहे. स्पॅनियलच्या प्रत्येक पोटजातीचे नाव म्हणजे माणसाने तिच्याकडून कोणे एके काळी काय मागितले याची नोंद आहे. आणि तिचे आजचे दुखणे म्हणजे माणसाने नंतर काय मागितले याची.

स्पॅनियल या शब्दातच स्पेन दडलेला आहे. फ्वाचा सरदार गास्तों फेबुस याने १३८७ साली शिकारीवर एक मोठा ग्रंथ लिहावयास घेतला. त्यात ससाण्याबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांचे वर्णन आहे; ते मूळ स्पेनकडचे म्हणून त्यांना हे नाव, असे तो सांगतो. त्या काळी शिकारीत बंदूक नव्हती. कुत्र्याने गवताझुडपांतून तित्तिर, लावे हुंगून काढावयाचे, त्यांना उठवावयाचे आणि वर घिरट्या घालणाऱ्या ससाण्याने झडप घालावयाची, अशी ती जोडी होती. दुसरी रीत जाळ्याची. पक्ष्याचा वास लागताच कुत्र्याने जमिनीला पोट लावून निश्चल बसावयाचे आणि शिकाऱ्यांनी त्याच्या डोक्यावरून पुढे जाळे ओढावयाचे. या बसणाऱ्या स्पॅनियलांपासूनच पुढे ‘सेटर’ हा वेगळा वंश निघाला.

१५७० साली केंब्रिजचा विद्वान वैद्य जॉन केअस याने इंग्लंडातील कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. कॉनराड गेस्नर या स्विस निसर्गपंडिताच्या विनंतीवरून त्याने ते लिहिले होते. वर्गीकरण करताना केअस कुत्र्याचे रूप पाहत नाही. त्याचे काम पाहतो. जमिनीवर पक्षी उठवणारे स्पॅनियल निराळे, पाण्यात पडलेला पक्षी काढून आणणारे निराळे. मग तो तिसऱ्या एका प्रकाराकडे वळतो : धनिक स्त्रियांच्या मांडीवर बसणारा चिमुकला स्पॅनियल. या चैनीवर त्याने भरपूर टीका केली आहे. पण वैद्य असल्यामुळे, पोटाशी धरला असता हा कुत्रा पोटदुखीला उतार देतो, हेही नमूद करावयास तो विसरलेला नाही. गरम पाण्याची पिशवी निघायची होती तोवर हे काम स्पॅनियलकडे होते म्हणायचे! रान तुडवणारा आणि मांडीवर निजणारा, अशी या कुळाची वाटणी निदान साडेचारशे वर्षांची जुनी आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सतराव्या शतकात उडता पक्षी बंदुकीने टिपण्याची कला फ्रान्सकडून इंग्लंडात आली. ससाणा मागे पडला. स्पॅनियल मात्र राहिला, कारण पक्षी उठवावयास कोणीतरी हवाच होता. झुडपांतून सावज उसळवून काढणारा तो ‘स्प्रिंगर’. दाट काटेरी जाळ्यांत दडणारा वुडकॉक नावाचा लांब चोचीचा पक्षी काढावयास चणीने लहान कुत्रा लागे, तो ‘कॉकर’. यातली गंमत अशी की, ही दोन्ही भावंडे पुष्कळदा एकाच वेताची असत. पिल्ले वाढली की तराजूत घालावयाची. २५ रत्तलांच्या, म्हणजे सुमारे ११ किलोंच्या, आत भरला तो कॉकर, त्यापुढे गेला तो स्प्रिंगर. जात ठरे ती अशी कामाने आणि वजनाने. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि वंशावळीच्या वह्या सुरू झाल्या. १८९० नंतर कॉकरला वेगळी जात म्हणून मान्यता मिळाली. १९०२ साली स्प्रिंगरला मिळाली. काल एका थानाला लुचणारी पिल्ले आज दोन वेगवेगळ्या कुळांची झाली.

मोठ्या जमीनदारांनीही आपापल्या गरजेप्रमाणे कुत्री घडवली. नॉटिंगहॅमशायरमधील क्लंबर पार्क ही न्यूकॅसलच्या ड्यूकची जहागीर. तिथला ‘क्लंबर’ पांढरा, लिंबूरंगी ठिपक्यांचा, अंगाने जाड, चालीने सावकाश आणि कामात मुका. फ्रान्सिस व्हीटली या चित्रकाराने १७८८ साली ड्यूकच्या शिकारीचे चित्र काढले, त्यात हे कुत्रे ओळखू येतात. ससेक्स परगण्यातल्या फुलर नावाच्या जमीनदाराने १७९५ च्या सुमारास जोपासलेला ‘ससेक्स’ याच्या अगदी उलट. दाट रानात कुत्रा कुठे आहे हे कळावे म्हणून त्याने काम करताना भुंकावे, अशीच मालकाची इच्छा. आज एखाद्या घरात ससेक्स भुंकतो म्हणून त्याला कोणी रागावत असेल, तर तो राग वास्तविक दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या जमीनदारावर काढला पाहिजे.

इथवरची कथा कामाची झाली. यापुढची प्रदर्शनाची आहे, आणि ती तितकी सुखाची नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुत्र्यांच्या प्रदर्शनांचे वेड इंग्लंडात पसरले. प्रदर्शनात पक्षी नसतात, झुडपे नसतात. असतो तो परीक्षकाचा डोळा. डोळ्याला जे वेगळे दिसते ते बक्षीस घेऊन जाते आणि ज्याला बक्षीस मिळते त्याचीच पैदास वाढते. ‘फील्ड स्पॅनियल’ हा नावाप्रमाणे शेताशिवाराचा कुत्रा. त्याचे शरीर लांब आणि पाय आखूड असावेत अशी आवड निर्माण झाली. मग अधिक लांब, अधिक आखूड, असे करता करता तो इतका जमिनीलगत आला की, शेतात धावणे त्याला अवघड झाले. शेवटी स्प्रिंगरचे रक्त मिसळून त्याला पुन्हा उभा करावा लागला.

राजाच्या कुत्र्याचे तर याहून वाईट झाले. चार्ल्सच्या काळच्या चित्रांत या स्पॅनियलांचे मुस्कट चांगले निमुळते आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात चपट्या नाकाची आणि घुमटासारख्या डोक्याची टूम निघाली आणि काही पिढ्यांत ते जुने नाक नाहीसे झाले. नाव तेवढे राजाचे राहिले. १९०३ साली केनेल क्लब तेही बदलून ‘टॉय स्पॅनियल’ करावयास निघाला होता. पण सातव्या एडवर्डने जुने नाव ठेवावे अशी इच्छा दर्शवली आणि ते राहिले. राजेच राजांची नावे राखतात. कुत्र्याच्या नाकाची मात्र कोणाला पर्वा नव्हती.

ती वाटली एका अमेरिकन गृहस्थाला. रॉसवेल एल्ड्रिज हा जुन्या चित्रांतला स्पॅनियल शोधीत इंग्लंडात आला आणि तसा कुत्रा कुठेच न दिसल्यामुळे १९२६ साली क्रफ्ट्सच्या प्रसिद्ध प्रदर्शनात त्याने पंचवीस पौंडांचे बक्षीस लावले. अट एकच : लांब मुस्कट, सपाट डोके, चार्ल्सच्या काळच्या चित्रातल्यासारखे. सारे मुंबई बेट वर्षाला दहा पौंडांवर गेले. त्याच राजाच्या कुत्र्याच्या नाकाला पंचवीस पौंड पडले. एल्ड्रिज १९२८ साली वारला; पण त्याच वर्षी नव्या मंडळींची संस्था निघाली आणि १९४५ साली या परत घडवलेल्या कुत्र्याला ‘कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल’ म्हणून स्वतंत्र मान्यता मिळाली.

कादंबरीकाराने ही गोष्ट इथेच संपवली असती. इतिहास तसे करू देत नाही. मूठभर कुत्र्यांपासून वाढवलेल्या या वंशात हृदयाच्या झडपेचा विकार इतका पसरला की, या जातीतील मृत्यूंचे ते प्रमुख कारण ठरले. शिवाय पुष्कळांची कवटी मेंदूला अपुरी पडते. त्यामुळे मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या होतात आणि त्या मुक्या जिवाला मानेच्या असह्य वेदना सोसाव्या लागतात. नॉर्वेमधील प्राणिरक्षक संस्थेने हा प्रश्न न्यायालयात नेला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, चालू पद्धतीने कॅव्हेलियरची पैदास करणे हा प्राणिकल्याणाच्या कायद्याचा भंग आहे, असा निवाडा दिला. जगातल्या सर्वांत लाघवी कुत्र्यांपैकी एकावर ही पाळी यावी, याचे दुःख होते. पण आरोपीच्या पिंजऱ्यात कुत्रा नव्हता, माणसाची हौस होती.

लौकिकाचा फटका कॉकरलाही बसला. अमेरिकेत त्याचा एक निराळाच वंश तयार झाला. १९४० आणि १९४१ अशी लागोपाठ दोन वर्षे एका काळ्या कॉकरने न्यूयॉर्कचे वेस्टमिन्स्टर प्रदर्शन जिंकले. १९५२ साली निक्सनने आपल्यावरील आरोपांना उत्तर देताना मुलींना भेट आलेल्या ‘चेकर्स’ या कॉकरचे नाव घेऊन साऱ्या देशाला गहिवर आणला. १९५५ साली डिस्नेच्या चित्रपटात कॉकर नायिका झाली. मागणी अशी वाढली की कोणीही कशीही पैदास करू लागतो, आणि त्याची किंमत स्वभावाने, डोळ्यांनी, कानांनी कुत्रेच भरतात.

मग स्पॅनियल पाळूच नये काय? असे मी म्हणत नाही. एलिझाबेथ बॅरेट ही कवयित्री आजारी पडून होती. १८४० साली तिचा लाडका भाऊ बुडून वारला होता. मेरी रसेल मिटफर्ड या लेखिका-मैत्रिणीने १८४१ साली तिला ‘फ्लश’ नावाचा तांबूस कॉकर दिला. रानात धावावयाचा कुत्रा पडदे ओढलेल्या खोलीत तिच्या उशाशी पडून राहिला. लंडनच्या कुत्रेचोरांनी त्याला तीन वेळा पळवले. तिसऱ्या वेळी, १८४६ च्या सप्टेंबरात, खंडणी देण्याला वडिलांचा विरोध आणि ज्याच्याशी लग्न ठरले त्या रॉबर्ट ब्राउनिंगचाही विरोध. तरी ही एकांतातली रोगी बाई स्वतः गाडी करून चोरांच्या वस्तीत गेली आणि अखेर सहा गिनी मोजून तिने फ्लशला सोडवले. त्याच महिन्यात तिने घर सोडले. फ्लशही तिच्याबरोबर इटलीत गेला. तिथे मात्र तो फ्लॉरेन्सच्या रस्त्यांतून मनसोक्त हिंडला. स्पॅनियल माणसासाठी चार भिंतींत राहतो. पण त्याला हिंडावयाचे असते, एवढे या गोष्टीतून ज्याने घेतले त्याला निम्मे शास्त्र समजले.

उरलेले निम्मे असे. शेतावर राहणारा किंवा रोज दोन तास चालणारा असेल त्याने स्प्रिंगरचा विचार करावा. वीस-बावीस किलोंच्या या कुत्र्याला रिकामे बसवणे म्हणजे घराची नासधूस ओढवून घेणे होय. क्लंबर तीस-पस्तीस किलोंचा आणि थंड रानाचा. आपल्या वैशाखात त्याचे हाल करू नयेत. शहरातल्या पहिलटकराला, रोज सकाळ-संध्याकाळ फिरवण्याची तयारी असेल तर, कॉकर बरा. मात्र शिकारी वंशातला नव्हे, घरगुती वंशातला. तेरा-चौदा किलोंचा, समजूतदार, थोडा खादाड. त्याचे लोंबते कान पावसाळ्यात ओले राहिले की आत पिकतात. ते रोज पाहून कोरडे करावे लागतात, आणि केसही वरचेवर विंचरावे लागतात. कॅव्हेलियरचा मोह सर्वांत मोठा. तो घ्यावयाचाच तर आईबापांच्या हृदयाची तपासणी झाली आहे काय, हे कागद पाहून ठरवावे, आणि कागद नसतील तर उठून यावे. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनी पैदास करणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकण्यास मनाई आहे. जो पिल्लू दाखवतो पण त्याची आई दाखवीत नाही, त्याच्या दारात उभे राहू नये.

माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच म्हटले की, चित्र बाजूला ठेव आणि आधी त्या पिल्लाचे आईबाप पाहून ये. गास्तों फेबुसला कुत्र्याचे काम ठाऊक होते, केअसला ठाऊक होते, क्लंबरच्या ड्यूकला ठाऊक होते. कुत्र्याने काय करावे हे विसरून तो कसा दिसावा एवढेच आपण पाहू लागलो, तेव्हापासून त्याचे नाक, पाय आणि हृदय आपल्या हौशीच्या स्वाधीन झाले. नवे पिल्लू घरी आणणारा माणूस त्या हौशीत आपलीही भर घालतो किंवा तिला थोडा आळा घालतो. तिसरा मार्ग त्याला नाही.