जीभ नावाचं उपकरण: बिअर चाखण्याच्या इतिहासातून संशोधन पद्धती

बिअरवर लेख, असं वाचून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. थांबा, पिण्याचा प्रचार नाहीये. तुम्ही पेट-नेटची तयारी करताय, संशोधन पद्धतीच्या पेपरासाठी टी-टेस्ट, नल हायपॉथिसिस, ब्लाइंडिंग असे शब्द घोकताय, म्हणून हा विषय घेतला. टी-टेस्टचा जन्म एका बिअरच्या कारखान्याच्या गरजेतून झाला, आणि चव मोजायच्या एका फार सुंदर प्रयोगाचं गोत्रही तेच आहे.

क्राफ्ट बिअरची आवड असलेले लोक ‘पॅलेट डेव्हलप करणं’ असा शब्द वापरतात. एक घोट घेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, यात केळं आहे, मागून लवंग येतेय, शेवटाला जरा पावाचा कडा. शेजारी बसलेल्याला वाटतं, हा फेकतोय. संशोधक म्हणून आपल्याला पडणारा प्रश्न असा की यातलं खरं किती आणि ऐकून-वाचून आलेलं किती? हा प्रश्न सव्वाशे वर्षं जुना आहे, आणि सुरुवातीला तो हौशी लोकांना नव्हे तर कारखानदारांना पडला होता, कारण त्यात त्यांचे पैसे अडकलेले होते.

१८९९ साली विल्यम सीली गॉसेट नावाचा ऑक्सफर्डचा पदवीधर डब्लिनच्या गिनेस कंपनीत लागला. रसायनशास्त्र आणि गणित हे त्याचे विषय. त्या काळात हॉप्सची फुलं चांगली की वाईट हे बघून आणि हुंगून ठरवलं जायचं. पण गिनेससारख्या प्रचंड कारखान्यात एका जाणत्या माणसाच्या नाकावर सगळा माल कसा सोडायचा? मग हॉप्समधली राळ मोजणं, जवाच्या वेगवेगळ्या वाणांची तुलना करणं असे प्रयोग सुरू झाले. अडचण तीच, जी तुमच्या प्रबंधात येणार आहे: नमुने थोडे. पाच-दहा नमुन्यांच्या सरासरीत फरक दिसला, तर तो खरा की योगायोग? तेव्हाचं संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांसाठी होतं. १९०६-०७ मध्ये गॉसेट लंडनला कार्ल पिअर्सनच्या प्रयोगशाळेत जाऊन राहिला आणि १९०८ मध्ये ‘बायोमेट्रिका’त त्याचा निबंध आला. कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने लिहू देत नव्हती, म्हणून लेखकाचं नाव ‘स्टुडंट’. आपण ‘स्टुडंट्स टी’ म्हणतो तो हाच. कुठल्याशा विद्यार्थ्यासाठी सोपी करून दिलेली टेस्ट, असा समज वर्गात मी पुष्कळदा ऐकलाय.

पण गॉसेटने जीभ मोजली नाही. त्याने जिभेला वगळून मोजता येईल ते मोजलं. जिभेलाच उपकरण मानून तिची चाचणी घ्यायचं काम दुसऱ्या कारखान्यात झालं.

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गची प्रयोगशाळा १८७५ मध्ये सुरू झाली. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. नायट्रोजन मोजायची केल्डाल पद्धत १८८३ साली इथेच निघाली, आणि १९०९ मध्ये सोरेनसेनने पीएच ही कल्पना इथेच मांडली. १८८३ सालीच एमिल ख्रिश्चन हान्सेनने इथे यीस्टच्या एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवून दाखवलं. बिघडलेल्या बिअरचं खापर तोवर हवा-पाण्यावर फुटायचं. हान्सेनने दाखवलं की नको असलेलं जंगली यीस्ट घुसलं की चव जाते. शुद्ध यीस्ट म्हणजे शुद्ध चव, असं समीकरण तयार झालं.

आणि मग १९०४ मध्ये त्याच कार्ल्सबर्गच्या निल्स हिएल्टे क्लाउसेनने लंडनमध्ये सांगितलं की मुरवलेल्या इंग्लिश एलची जी खास चव लोकांना आवडते, ती एका वेगळ्याच यीस्टमुळे येते. त्याने त्याचं नाव ठेवलं ब्रेटॅनोमायसिस, म्हणजे ब्रिटिश बुरशी. हे यीस्ट लागरमध्ये शिरलं तर अख्खी टाकी ओतून द्यावी लागते, कारण तिला घोड्याच्या तबेल्यासारखा वास येतो. बेल्जियमच्या ऑर्व्हाल मठातल्या बिअरमध्ये मात्र ते मुद्दाम घालतात. रेणू तोच, पण एका ठिकाणी तो दोष आणि दुसरीकडे ओळख. म्हणजे चव ‘ओळखणं’ आणि तिला ‘चांगली-वाईट म्हणणं’ ही दोन वेगळी कामं आहेत. नवशिक्या शौकिनाचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो, आणि खरं सांगायचं तर नवशिक्या संशोधकाचाही. निरीक्षणाच्या रकान्यात आपण मत लिहून टाकतो.

१९४० च्या दशकात कार्ल्सबर्गमध्ये चाखणाऱ्यांची निवड करायला एक साधी युक्ती वापरात आली. हेल्म आणि ट्रोल्ले यांचा त्यावरचा निबंध १९४६ चा आहे. तीन ग्लास ठेवायचे. दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. सांगायचं, वेगळा ग्लास ओळख. याला ट्रँगल टेस्ट म्हणतात. यातली गंमत बघा: माणसाला ‘कोणती चांगली’ असं विचारलेलंच नाही. केळं, लवंग, काही म्हणायचं नाही. फक्त फरक कळतो की नाही. निव्वळ अंदाजाने बरोबर यायची शक्यता एक तृतीयांश. बारा जणांनी चाखलं तर सरासरी चौघे नशिबानेच बरोबर येणार. सात जण बरोबर आले तरी पाच टक्क्यांच्या पातळीवर तुम्ही ‘फरक आहे’ असं म्हणू शकत नाही. किमान आठ लागतात. बायनोमियल वितरण काढून स्वतः पडताळा, पाच मिनिटांचं काम आहे. आठ किंवा जास्त जण योगायोगाने बरोबर यायची शक्यता दोन टक्क्यांहून थोडी कमी निघते, सातला ती साडेसहा टक्क्यांच्या वर जाते.

आता एक कटू बातमी. १९६४ मध्ये ॲलिसन आणि उल या दोघांनी अमेरिकेतल्या बिअर पिणाऱ्यांना आधी लेबलं काढलेल्या बाटल्या दिल्या आणि नंतर लेबलासकट. लेबल नसताना लोकांना आपला नेहमीचा ब्रँड साधारणपणे ओळखता आला नाही. लेबल दिसल्यावर मात्र गुण वाढले, आणि आपल्या ब्रँडला तर चांगलेच वाढले. वर्षानुवर्षं एकच बिअर पिऊन जीभ तयार होत नाही, सवय होते. इतकं वाचून ‘चव-बिव सगळं थोतांड’ असं म्हणायचा मोह होतो. पण तो निष्कर्ष घाईचा आहे, कारण त्या माणसांना कुणी काही शिकवलेलंच नव्हतं.

शिकवायचं म्हणजे काय, याचं उत्तर मॉर्टन माइलगार्डच्या कामात सापडतं, आणि या सगळ्या इतिहासात मला सर्वात आवडतो तो हा माणूस. डॅनिश रसायनतज्ज्ञ, मेक्सिकोत आणि पुढे अमेरिकेत स्ट्रो कंपनीत काम केलेला. १९७० च्या दशकात त्याने बिअरमधल्या शेकडो रेणूंचे उंबरठे मोजले. उंबरठा म्हणजे थ्रेशोल्ड, अमुक रेणू किती असला की माणसाला जाणवतो ती मात्रा. मग प्रत्यक्ष मात्रेला उंबरठ्याने भागायचं. भागाकार एकाच्या बराच वर गेला तर तो रेणू चवीत ‘बोलतो’, नाहीतर गप्प असतो. कल्पना इतकी साधी, पण तिने फार मोठी अडचण सोडवली. प्रमाणात जास्त असलेला पदार्थ चवीत महत्त्वाचा असेलच असं नाही. बिअर उन्हात राहिली की हॉप्समधल्या कडू द्रव्यांपासून एक गंधकयुक्त थायॉल तयार होतो, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम असला तरी नाक मुरडायला पुरतो. बाटल्या तपकिरी काचेच्या का असतात, त्याचं कारण हे. त्या पातळीवर नाक कित्येक यंत्रांना मागे टाकतं.

१९७९ मध्ये माइलगार्ड, डॅल्ग्लिश आणि क्लॅपरटन यांनी बिअरच्या चवींची परिभाषा प्रसिद्ध केली. युरोप-अमेरिकेतल्या ब्रुअर्सच्या संघटना त्यामागे होत्या. चौदा वर्ग, एकूण १२२ शब्द, चाकासारख्या आकृतीत मांडलेले. (वाइनचं ॲन नोबलचं चाक यानंतर आलं, १९८४ मध्ये.) नियम असा की एका गुणाला एकच शब्द, आणि जमेल तिथे शब्दासोबत एक संदर्भ-पदार्थ. ‘लोण्यासारखा’ म्हणजे नक्की काय, यावर वाद नको. साध्या बिअरमध्ये मोजून डायॲसिटिल घाला आणि सगळ्यांना हुंगायला द्या. केळ्यासाठी आयसोअमाइल ॲसिटेट, जो तुम्ही बीएस्सीच्या एस्टरच्या प्रयोगात हुंगलेला असेल. लवंगेसाठी ४-व्हिनाइल ग्वायकॉल. शिजलेल्या मक्याच्या कणसासाठी डायमिथाइल सल्फाइड. जुन्या झालेल्या बिअरच्या ओल्या पुठ्ठ्यासारख्या वासासाठी ट्रान्स-२-नॉनेनल. ‘केळं येतंय’ म्हणणारा मघाचा माणूस म्हणजे फेकत नव्हता. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये यीस्ट ते दोन्ही रेणू, केळ्याचा आणि लवंगेचा, खरंच बनवतं.

थोडक्यात, हे कॅलिब्रेशन आहे. वजनकाट्याला प्रमाण वजन लावतो तसं नाकाला प्रमाण वास लावायचा.

इथे जरा आडवळण. चाखणाऱ्यांना शिकवताना इंग्रजी भाषकांचा एक नेहमीचा घोटाळा होतो: कडू आणि तुरट यांची सरमिसळ. कडू ही चव, तुरट हा तोंडातला कोरडा आवळल्यासारखा स्पर्श. सुपारी, आवळा, कच्चं केळं खाऊन वाढलेल्या मराठी माणसाला हा फरक समजावावा लागत नाही. खवट, कुबट, करपट, आंबूस, उग्र, खरपूस, खमंग: आपल्याकडचा हा शब्दसाठा एखाद्या परिभाषा-समितीला हेवा वाटावा असा आहे. त्यातल्या ‘खवट’ला आणि ‘कुबट’ला संदर्भ-पदार्थ लावून मराठी चाक करायला कुणीतरी घ्यावं. अन्नशास्त्रातल्या लघुप्रबंधाला विषय चांगला आहे.

हौशी लोक या सगळ्यात शिरले ते साधारण त्याच सुमारास. इंग्लंडमध्ये १९७१ मध्ये कॅमरा ही ग्राहकांची चळवळ सुरू झाली होती. १९७७ मध्ये मायकेल जॅक्सन (गायक नव्हे, यॉर्कशरचा पत्रकार) याचं ‘द वर्ल्ड गाइड टू बिअर’ आलं. त्याने बिअर ब्रँडनुसार न मांडता प्रकारांनुसार, स्टाइलनुसार मांडल्या. १९७८ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी घरी बिअर बनवण्यावरची केंद्रीय बंदी उठवणाऱ्या कायद्यावर सही केली आणि १९८५ पासून परीक्षा देऊन हौशी परीक्षक होण्याची सोय झाली. पुढे ती लाट आपल्याकडेही आली. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झालं. स्टाइल कळली की बिअरकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळतं.

पण अपेक्षाच जिभेला फसवते, त्याचं काय? २००६ मध्ये ली, फ्रेडरिक आणि एरिअली यांनी एक खोडकर प्रयोग प्रसिद्ध केला. बिअरमध्ये बाल्सामिक व्हिनेगरचे थेंब घातले आणि लोकांना चाखायला दिली. काहींना काहीच सांगितलं नाही. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना व्हिनेगरवालीच आवडली. काहींना आधी सांगितलं. त्यांनी नाकं मुरडली. तिसऱ्या गटाला चाखून झाल्यावर, पण मत देण्याआधी सांगितलं, आणि त्यांची पसंती काहीच न सांगितलेल्यांसारखीच राहिली. म्हणजे माहितीने लोकांचा निर्णय नव्हे, अनुभवच बदलला होता. ती आधी आली तरच. मला हा तिसरा गट प्रयोगरचनेचा उत्तम नमुना वाटतो. तो नसता तर ‘लोक व्हिनेगर ऐकून भिडेखातर नाही म्हणाले’ हा पर्याय खोडताच आला नसता. म्हणूनच जाणते लोक आधी चाखतात, लिहितात आणि मग लेबल वाचतात.

करून बघायला बिअर लागत नाही, चहा चालतो. एकाच भांड्यातला चहा, अर्ध्यात किंचित वेलची. बारा मित्र, प्रत्येकी तीन कप. कपांना अ-ब-क नको, तीन आकडी कुठलेही क्रमांक द्या, कारण ‘अ’ आधीच चांगला वाटतो. दोन एक-एक प्रकार मिळून सहा क्रम होतात, ते सगळे सारखे वापरा. मध्ये पाणी द्या, नाक फार लवकर थकतं. कप भरणारा आणि कप देणारा माणूस वेगळा ठेवा, आणि कुठल्या क्रमांकात काय होतं ती चिठ्ठी शेवटचा कप उचलेपर्यंत भरणाऱ्याच्याच खिशात राहू द्या.