‘कोण बोलतंय?’ : एका प्रश्नाचा इतिहास

टेलिफोनची घंटा वाजली आणि रिसीव्हर उचलला, की तोंडातून पहिला शब्द निघे तो ‘कोण बोलतंय?’ आज हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. उत्तर आधीच खिशातल्या यंत्राच्या काचेवर उमटलेले असते. परंतु ते उत्तर लिहितो कोण, आणि ते खरे असल्याची हमी कोणाची, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आम्हीही त्या बहुसंख्यांतलेच होतो. कामगारांच्या एका तंट्यामुळे हा विषय आम्हांला मुळापासून शिकावा लागला. त्या तंट्याकडे पुढे येऊच. आधी थोडा इतिहास पाहू.

अमेरिकेत न्यू हेवन येथे १८७८ साली पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. त्या काळी फोन करणाराची ओळख लपण्याचा फारसा संभव नव्हता. प्रत्येक तार स्विचबोर्डावर येई, आणि कोणती तार कोणाच्या घरची हे बोर्डापुढे बसणारा ओळखून असे. पुढे या कामावर बहुतकरून मुली नेमल्या गेल्या. (याच मुलींनी एप्रिल १९१९ मध्ये ज्युलिया ओ’कॉनर यांच्या नेतृत्वाखाली बोस्टन व आसपासच्या प्रांतांत सहा दिवस संप करून पगारवाढ पदरात पाडून घेतली. विषयाशी याचा संबंध थोडा. पण आमच्या धंद्याच्या माणसाला हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.)

कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीचा व्यवसाय करणारा गृहस्थ होता. बोर्डावरची बाई आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय आला, अशी आख्यायिका आहे. त्याने १८९१ साली स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळवले. यंत्र आले आणि बाई हळूहळू गेली; पण तिच्याबरोबर साक्षीदारही गेला. घंटा वाजे, परंतु बोलावतो कोण हे उचलल्याखेरीज कळेना.

पुढे कित्येक दशकांनी, १९८७ साली, न्यू जर्सीत फोन करणाराचा नंबर दाखवण्याची सोय गिऱ्हाइकांपुढे आली. पहिल्या व दुसऱ्या घंटेमधल्या शांततेत एक्स्चेंज तो नंबर ध्वनिसंकेतांनी पाठवून देई. लागलीच वाद पेटला. छळणाऱ्या नवऱ्यापासून सुटून आश्रयगृहात राहिलेल्या बाईने मुलांना फोन केला, तर तिचा ठावठिकाणा उघडा पडणार, हा आक्षेप काही पोकळ नव्हता. पेनसिल्व्हेनियातील न्यायालयाने १९९० साली ही सोय बेकायदा ठरवली. अखेर १९९५ मध्ये राज्याराज्यांमधील फोनांपुरते केंद्रीय नियम आले : नंबर एरवी दिसेल, पण ज्याला लपवायचा त्याला तो विनामूल्य लपवता येईल.

येथवर वाद होता तो नंबर दाखवावा की लपवावा, एवढाच. घरच्या साध्या फोनावरून भलताच नंबर देणे शक्यच नव्हते, कारण तो एक्स्चेंज स्वतः लिहीत असे. कचेरीचे तसे नाही. मोठ्या कचेरीत शेकडो एक्स्टेन्शन असतात. आपल्याकडच्या एका पीआरआय लाइनीवर एका वेळी तीस संभाषणे चालतात. त्यांतले कोणते कोणत्या टेबलावरचे, हे फक्त आतल्या बोर्डाला ठाऊक. म्हणून बोर्डानेच एक्स्चेंजला सांगायचे, की या फोनावर अमुक नंबर दाखव. यात मुळात गैर काही नाही. इस्पितळाच्या कोणत्याही खोलीतून फोन केला तरी चौकशीच्या खिडकीचा नंबर दिसावा, हे रोग्याच्या सोयीचेच आहे. एक्स्चेंजला तो नंबर तपासता येतो, आणि तपासला की नाही याची खूणही निरोपासोबत जाते. मात्र ती खूण फोन घेणाराला दिसत नाही! आमच्या मते साऱ्या घोटाळ्याचे मूळ येथे आहे. शिक्का होता, पण तो पाकिटाच्या आतल्या बाजूस मारलेला.

इंटरनेटवरून फोन स्वस्त झाले, तपासणी ढिली पडली आणि लफंग्यांचे फावले. अमेरिकेने २०१० साली फसवणुकीच्या हेतूने खोटा नंबर दाखवणे बेकायदा ठरवले, आणि २०२१ पासून मोठ्या टेलिफोन कंपन्यांना इंटरनेटच्या मार्गाने जाणाऱ्या फोनांवर सांकेतिक सही करणे भाग पडले. त्या सहीच्या तीन प्रती आहेत : गिऱ्हाईक ओळखीचे आणि नंबरही त्याचाच, गिऱ्हाईक ओळखीचे, पण नंबराची खात्री नाही, आणि फोन कोठून तरी आला, आम्ही नुसता पुढे ढकलला. आपल्याकडे परदेशातून येऊन भारतीय नंबराचा मुखवटा घालणारे फोन अडवण्याची यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली.

हे सारे हवेच होते. पण कायदा विचारतो तो एवढेच, की नंबर तुमचाच आहे ना? त्यावर उलट फोन केला तर कोणी उचलील काय, हे त्यात येत नाही. आमचा तंटा नेमका येथेच होता.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात बदली कामगारांना टाइम ऑफिसातून फोन करून पाळीवर बोलावीत. एकाने उचलला नाही, की काम पुढच्याला. कारखान्याने नवा बोर्ड बसवला आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फोनावर एकच नंबर दिसू लागला. तो नंबर कारखान्याचाच होता, पण त्यावर आत फोन लागतच नसे. सायकलवर असलेला किंवा नळावर पाणी भरणारा माणूस दोन मिनिटांनी उलट फोन करी, तो रेकॉर्डवरची बाई सांगे, ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही.’ इकडे मस्टरवर शेरा पडे : बोलावूनही आला नाही. असे शेरे साठले, की कायम होण्याच्या यादीत नाव खाली घसरे.

व्यवस्थापक म्हणाले, ही तांत्रिक बाब आहे, युनियनने यात पडू नये. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण टेलिफोन दुरुस्त करणाऱ्या एका स्नेह्याजवळ दोन रात्री बसून आम्ही बोर्डाची भाषा समजावून घेतली. पुढच्या बैठकीत सांगितले, की टाइम ऑफिसच्या एक्स्टेन्शनला बाहेरून लागणारा स्वतःचा नंबर द्या आणि तोच दाखवा. एका रकान्यातले दहा आकडे बदलायचे आहेत. ते बदलायला तंत्रज्ञाला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. मागचे शेरे पुसून घ्यायला मात्र चौदा महिने गेले, आणि तरीही सगळे पुसले गेले नाहीत.